स्टूर नदीचा चित्रकार

इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक आणि एसेक्स या दोन परगण्यांच्या सीमेवरून स्टूर नावाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या काठी उंच डोंगर नाहीत, धबधबे नाहीत, मोठी राजधानीही नाही. दोन्ही तीरांवर सपाट कुरणे, त्यांत चरणारी गुरे, वाळुंजाची वाकलेली झाडे आणि मधून मधून एखादी पाणचक्की, एवढेच काय ते दृश्य. आपल्याकडील नद्या उन्हाळ्यात आटतात व पावसाळ्यात उसळतात. ही नदी मात्र बारा महिने काठोकाठ भरून संथपणे समुद्राकडे जाते. अशा या साध्या नदीला जगातील मोठमोठ्या चित्रसंग्रहालयांत स्थान मिळाले, ते जॉन कॉन्स्टेबल या चित्रकारामुळे.

जॉनचा जन्म ११ जून १७७६ रोजी ईस्ट बर्गहोल्ट या खेड्यात झाला. त्याचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे मोठे व्यापारी होते. फ्लॅटफर्ड आणि डेडम येथील पाणचक्क्या त्यांच्या ताब्यात होत्या आणि खेड्याजवळच्या उंचवट्यावर त्यांची पवनचक्कीही होती. शेतकऱ्यांचा गहू विकत घ्यावा, चक्कीत त्याचे पीठ करावे, ते पडावांतून नदीच्या मुखाशी न्यावे आणि तेथून स्वतःच्या गलबताने लंडनला धाडावे, असा त्यांचा व्यवहार होता.

हा व्यवहार ज्या नदीवर चालत असे, ती नदी पूर्वीपासून अशी नव्हती. चक्कीच्या चाकाला पाण्याचा जोर मिळावा म्हणून चक्कीवाले नदीला बांध घालीत. बांध घातला की नावांची वाट अडे. १७०५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून सडबरी या गावापासून मॅनिंगट्रीपर्यंत सुमारे २४ मैलांचा प्रवाह मालवाहतुकीसाठी खुला करण्याची परवानगी दिली. मग जेथे जेथे बांध होते तेथे तेथे लाकडी दरवाजांचे हौद बांधण्यात आले. खालून येणारा पडाव हौदात शिरला की मागचा दरवाजा लावून घ्यायचा आणि पुढच्या दरवाजातील झडपा उघडून वरचे पाणी आत सोडायचे. पाणी चढेल तसा पडावही वर चढे आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडून वाट धरी. उतरताना याच्या उलट. अशा रीतीने गहू, पीठ व विटा खाली जात आणि दगडी कोळसा वर येई.

पडाव दोन दोनच्या जोडीने साखळीने बांधलेले असत आणि काठावरून चालणारा एक घोडा दोराने ते ओढीत असे. काठाच्या जमिनी निरनिराळ्या मालकांच्या होत्या. आपली गुरे दुसऱ्याच्या कुरणात जाऊ नयेत म्हणून मालकांनी घोड्याच्या वाटेवर जागोजाग आडवे लाकडी अडसर घातले होते. या घोड्यांना अडसरांवरून उडी मारून जाण्याची सवय लावलेली असे. काही ठिकाणी वाट एका काठावर संपून दुसऱ्या काठावर सुरू होई. तेथे घोड्याला पडावावर चढवून पलीकडे न्यावे लागे. जॉनचे बालपण हे सारे पाहण्यात गेले. पुढे त्याने जी चित्रे काढली, त्यांतील एकूण एक वस्तूचा उपयोग त्याला लहानपणापासून ठाऊक होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

डेडम येथील शाळेत तो रोज नदीकाठच्या कुरणांतून चालत जाई. अभ्यासात तो फार हुशार होता असे नाही. धडा म्हणता म्हणता तो मध्येच थांबे आणि कोठेतरी हरवून जाई. त्याचे शिक्षक सुज्ञ होते. मुलगा मनाने आपल्या चित्रांच्या खोलीत जाऊन बसला आहे, हे ते ओळखत आणि रागावण्याऐवजी थट्टेने त्याला जागे करीत.

गावात जॉन डन्थॉर्न नावाचा एक कारागीर राहत असे. खिडक्यांना काचा बसविणे आणि शिशाचे नळ जोडणे हा त्याचा धंदा. परंतु सवड मिळाली की तो चित्रे काढी. धनिक व्यापाऱ्याचा मुलगा आणि हा कारागीर यांची मैत्री जमली. दोघेही चित्राची घोडी खांद्यावर टाकून शेतात जात आणि एकच देखावा समोर ठेवून रंगवीत बसत. त्यांचा एक नियम होता. झाडांच्या आणि कुंपणांच्या सावल्या सरकल्या की काम बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच वेळी त्याच जागी येऊन पुढे चालवायचे. सकाळचा उजेड आणि दुपारचा उजेड यांची मिसळ ते होऊ देत नसत. त्या काळी बहुतेक चित्रकार निसर्गदृश्ये घरात बसून, जुन्या नामांकित चित्रांकडे पाहून तयार करीत. त्या मानाने या दोघांचा नियम पुष्कळच कडक म्हटला पाहिजे.

वडिलांना मात्र हा छंद पसंत नव्हता. थोरला मुलगा मंदबुद्धी असल्यामुळे धंद्याचा भार जॉननेच उचलावा अशी त्यांची अपेक्षा होती. म्हणून शाळा सुटल्यावर सोळाव्या वर्षी त्यांनी त्याला पवनचक्कीवर कामाला लावले. जॉनने ते काम टाळाटाळ न करता केले. पवनचक्कीवाल्याला आकाशाकडे सतत लक्ष ठेवावे लागते. वारा कोणत्या दिशेने येतो, ढग कसा वाढतो आहे, वावटळ किती वेळात पोहोचेल, हे वेळीच कळले नाही तर पंखे मोडून जायचे. कॉन्स्टेबलची चित्रे पाहणाऱ्यास प्रथम आकाशच का दिसते, याचे कारण या चक्कीत आहे. पुढे त्याचा धाकटा भाऊ एब्राम धंदा पाहू लागला. तो मोठ्या कौतुकाने सांगे की, इतर चित्रकारांच्या चक्क्या फिरतील की नाही याची शंका वाटते. जॉनची चक्की मात्र खात्रीने फिरेल.

एब्राम हाताशी येऊ लागला तेव्हा वडिलांचा विरोध थोडा निवळला. १७९९ साली जॉन लंडनला गेला आणि रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत दाखल झाला. तेथे त्याने मानवी देहाची रेखाटने केली, जुन्या चित्रांच्या नकला केल्या. १८०२ साली अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याचे चित्र प्रथम लागले. त्याच वर्षी एका लष्करी विद्यालयात चित्रकलेच्या शिक्षकाची जागा त्याच्यासमोर चालून आली. पगाराची ती सुरक्षित नोकरी त्याने नाकारली. दुसऱ्यांच्या चित्रांमागे धावण्यात आपण दोन वर्षे घालविली, आता निसर्गाकडेच गेले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले आणि उन्हाळा येताच तो बर्गहोल्टला परतला.

यानंतरची चौदा-पंधरा वर्षे हिवाळा लंडनमध्ये व उन्हाळा नदीकाठी असा त्याचा क्रम राहिला. तेव्हा आजच्यासारख्या रंगाच्या नळ्या नव्हत्या. तेलात घोटलेले रंग जनावरांच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून दोऱ्याने बांधलेले मिळत. कॉन्स्टेबल रंगांची पेटी गुडघ्यावर घेई, तिच्या उघड्या झाकणाला कागद किंवा कापडाचा तुकडा टाचून ठेवी आणि भराभर रंगवी. १८१३ सालच्या उन्हाळ्यात त्याने तळहाताएवढी एक वही खिशात बाळगली होती. नांगर, होडी, अडसर, दरवाजा, झाडाचे खोड, चक्कीचे छप्पर अशा वस्तूंची रेखाटने तिच्या पानापानांवर आहेत. ती वही अजून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहावयास मिळते.

फ्लॅटफर्डच्या चक्कीजवळ त्याच्या वडिलांची पडाव बांधण्याची एक कोरडी गोदी होती. १८१४ साली कॉन्स्टेबलने तिचे चित्र काढावयास घेतले. गोदीत अर्धवट बांधलेला पडाव उभा आहे, सुतार वाकून फळ्या तासतो आहे, शेजारी विस्तवावर डांबराचे भांडे धूर सोडते आहे, आणि पलीकडे नदी उन्हात चमकते आहे. हे चित्र त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत उघड्यावर, त्याच जागी बसून पुरे केले. संध्याकाळी दूरच्या एका झोपडीच्या धुराड्यातून धूर निघू लागे. मजुरांच्या रात्रीच्या जेवणासाठी चूल पेटली, हे त्यावरून त्याला कळे आणि तो कुंचले धुऊन घरी जाई.

या वर्षांत त्याच्या मनाला एक काळजी लागून राहिली होती. गावच्या धर्मगुरूंची नात मरायया बिकनेल आणि तो यांचे एकमेकांवर प्रेम जडले होते. धर्मगुरूंना हा संबंध मुळीच मान्य नव्हता. चित्रकाराचे उत्पन्न काय आणि त्याची योग्यता काय, असा त्यांचा प्रश्न होता. मरायया आपल्या वारशाला मुकेल अशी धास्ती तिच्या घरच्यांना पडली. १८०९ पासून १८१६ पर्यंत दोघांनी वाट पाहिली. या काळात त्यांच्या भेटी फार थोड्या झाल्या. १८१५ साली कॉन्स्टेबलची आई वारली. त्या उन्हाळ्यात त्याने घराच्या वरच्या खिडकीतून दिसणाऱ्या फुलबागेची व भाजीच्या बागेची दोन चित्रे काढली. भाजीबागेच्या चित्रात वाफ्यांच्या पलीकडे दोन गोष्टी लहानशा दिसतात: वडिलांची पवनचक्की आणि धर्मगुरूंचे घर. एकीकडे त्याने सोडलेला धंदा आणि दुसरीकडे त्याला नाकारणारे घर. पाहणाऱ्याला मात्र तेथे शांत उन्हाशिवाय काही जाणवत नाही.

१८१६ च्या मे महिन्यात वडीलही गेले. चक्क्यांच्या उत्पन्नातील हिस्सा जॉनला मिळू लागला आणि ऑक्टोबरमध्ये त्याने मराययाशी विवाह केला. पुढच्या उन्हाळ्यात दोघेही बर्गहोल्टला दहा आठवडे राहून आली. त्यानंतर नदीकाठी त्याचा दीर्घ मुक्काम असा पुन्हा झाला नाही. संसार लंडनला, मराययाची प्रकृती नाजूक, मुले लहान. गावचे घरही विकावे लागले. स्टूर नदीची त्याची सर्वांत मोठी चित्रे यानंतरची आहेत हे ऐकून नवल वाटेल. नदी दूर गेली तेव्हा ती सहा फूट रुंदीच्या कापडावर उतरली.

या मोठ्या चित्रांसाठी त्याने जुन्या वह्या आणि उघड्यावर काढलेले शेकडो तुकडे पुढे घेतले. तेवढ्याने त्याचे समाधान होईना. म्हणून तो प्रथम तेवढ्याच मोठ्या कापडावर संपूर्ण कच्चे चित्र रंगवी आणि मग दुसऱ्या कापडावर पक्के चित्र करी. एवढे दुप्पट कष्ट त्या काळी दुसरा कोणी घेत नसे. १८१९ साली त्याने ‘पांढरा घोडा’ हे चित्र प्रदर्शनात मांडले. पडावावर उभा राहून नदी पार करणारा घोडा त्यात दाखविला आहे. जॉन फिशर या त्याच्या जिवलग मित्राने ते १०० गिनींना विकत घेतले आणि अकॅडमीने त्याच वर्षी त्याला आपला सहसदस्य करून घेतले.

दोन वर्षांनी, १८२१ साली, ‘गवताची गाडी’ हे चित्र तयार झाले. चक्कीजवळच्या उथळ पाण्यात एक रिकामी गाडी उभी आहे. काठावर एक कुत्रा थांबून पाहतो आहे. डाव्या बाजूस विली लॉट या शेतकऱ्याचे घर आहे आणि दूरच्या कुरणात गवत कापणारे लोक पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. हा विली लॉट ऐंशीहून अधिक वर्षे जगला आणि एवढ्या आयुष्यात अवघ्या चार रात्री त्याने त्या घराबाहेर काढल्या, असे सांगतात. चित्र पुरे होत आले असता गाडीची रचना नेमकी कशी असते याविषयी कॉन्स्टेबलला शंका आली. त्याने गावाकडे निरोप धाडला आणि डन्थॉर्नच्या मुलाने भर हिवाळ्यात खऱ्या गाडीचे रेखाटन करून पाठविले. आठवणीने भागत असताही ज्याला चाकाचा आरा तपासून पाहावासा वाटतो, तो मनुष्य चक्कीवाल्याचाच मुलगा असला पाहिजे.

लंडनमध्ये हे चित्र विकले गेले नाही. चित्र नीट पुसून गुळगुळीत केलेले नाही, पानांवर चुना शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आहेत, असे दोष लोकांनी काढले. ते ठिपके म्हणजे ओल्या पानावर पडलेले ऊन होते. हिरव्या रंगाचीही तक्रार होती. सर जॉर्ज ब्यूमाँट हे त्याचे वडीलधारे स्नेही मोठे रसिक होते. निसर्गचित्राचा रंग जुन्या सारंगीच्या लाकडासारखा तपकिरी असावा, असे त्यांचे मत होते. कॉन्स्टेबलने वाद घातला नाही. त्याने एक जुने व्हायोलिन आणून घरासमोरच्या हिरव्यागार हिरवळीवर ठेवले आणि तो बाजूला उभा राहिला.

इंग्लंडने जे ओळखले नाही ते फ्रान्सने ओळखले. एका फ्रेंच व्यापाऱ्याने हे चित्र आणखी दोन चित्रांसह २५० पौंडांना घेतले आणि १८२४ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ते झळकले. तेथील तरुण चित्रकार त्याच्यासमोर गर्दी करून उभे राहत. देलाक्रवा या विख्यात चित्रकाराने तर ते पाहून स्वतःच्या तयार चित्राचा काही भाग पुन्हा रंगविला, असे म्हणतात. फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिले. कॉन्स्टेबल ते घेण्यासाठी पॅरिसला गेला नाही. इंग्लंडचा किनारा सोडून तो आयुष्यात कधीच कोठे गेला नाही.

या सुंदर चित्रांविषयी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. चित्रे रंगत होती त्याच वर्षांत नदीकाठचा मजूर सुखी नव्हता. १८१५ साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले, धान्याचे भाव कोसळले, सैनिक घरी परतले आणि शेतावर काम मिळेना. बर्गहोल्टचे गायरान कुंपण घालून वाटून टाकण्यात आले. १८२२ साली मळणीची यंत्रे फोडण्यात आली, गवताच्या गंजी पेटल्या. रात्रीमागून रात्री आगीचे लोळ दिसतात, हे एब्रामकडून कॉन्स्टेबलला कळत होते. त्याच्या चित्रांत यातील काहीही नाही. तो धान्य-व्यापाऱ्याचा मुलगा होता आणि जी नदी त्याने रंगविली ती त्याच्या बालपणाची, कामात गढलेली व भरल्या घराची नदी होती. म्हणून त्याची चित्रे खोटी ठरत नाहीत. परंतु पाहताना कुंपणापलीकडच्या लोकांची आठवण असलेली बरी.

१८२५ साली ‘उडी मारणारा घोडा’ प्रदर्शनात लागला. अडसरावरून झेप घेणाऱ्या या घोड्याच्या मागे डेडमच्या चर्चचा मनोरा दिसतो. वास्तविक त्या जागेवरून तो तेथे दिसत नाही. गाडीचा आरा तपासणाऱ्या माणसाने अख्खा मनोरा उचलून हवा तेथे ठेवला!

मराययाचा क्षयरोग बळावत गेला. तिला मोकळी हवा मिळावी म्हणून कुटुंब हॅम्पस्टेडच्या टेकडीवर राहावयास गेले होते. तेथे कॉन्स्टेबल नुसत्या ढगांची चित्रे काढी आणि कागदाच्या पाठीमागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. २३ नोव्हेंबर १८२८ रोजी मरायया वारली. सात मुले मागे राहिली. अवघ्या तीन महिन्यांनी, १८२९ च्या फेब्रुवारीत, अकॅडमीने त्याला पूर्ण सदस्यत्व दिले, तेही एका मताच्या आधिक्याने. त्या वेळी तो बावन्न वर्षांचा होता. ज्या मानासाठी तिच्या घरच्यांनी त्याला सात वर्षे तिष्ठत ठेवले होते, तो मान पाहावयास ती उरली नव्हती. त्यानंतर त्याने अखेरपर्यंत काळे कपडेच वापरले.

तरी त्याचे काम थांबले नाही. ३१ मार्च १८३७ रोजी दिवसभर तो एक चित्र रंगवीत होता. त्या रात्री त्याला अकस्मात वेदना सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात त्याचा अंत झाला. चित्रफलकावर राहिलेले ते चित्र ॲरंडेल येथील एका पाणचक्कीचे होते.

पुढे लोहमार्ग आले आणि स्टूरवरील मालवाहतूक रोडावत जाऊन बंद पडली. घोड्यांचे अडसर गेले, पडाव कुजले, गोदी गाळाने भरली. विसाव्या शतकात ती खणून मोकळी करण्यात आली. १९४३ पासून फ्लॅटफर्डची चक्की नॅशनल ट्रस्ट ही संस्था सांभाळीत आहे. विली लॉटचे घरही उभे आहे. ‘गवताची गाडी’ १८८६ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वडिलांची पवनचक्की मात्र राहिली नाही. तिच्या लाकडाचा एक तुकडा तेवढा जपून ठेवला आहे. सोळा वर्षांच्या मुलाने चाकूने त्यावर पवनचक्कीची आकृती, आपले नाव आणि १७९२ हे साल कोरलेले आहे.